बाट कोसळल्यानंतरचे मार्ग: थायलंडचा पुरेशेपणाचा विचार आणि त्याचे पर्याय

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने मुख्यतः डॉलरशी बांधलेला आपल्या बाट या चलनाचा दर सोडून दिला. तोवर एका डॉलरला सुमारे २५ बाट मोजावे लागत. जानेवारी १९९८ मध्ये हा आकडा ५५ च्या पलीकडे गेला. व्याज कमी म्हणून ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज काढले आणि बाटमध्ये इमारती उभ्या केल्या, त्यांचे देणे बसल्या जागी दुप्पट झाले. अर्धवट मनोरे तसेच राहिले, बँकॉकमधील बांधकामावरचे आणि कारखान्यांतले हजारो मजूर ईशान्येकडील आपापल्या गावी परतले. या संकटावर पुढे जे उपाय झाले, त्यांची तुलना करताना एक गल्लत नेहमी होते. सरकारने काय करावे आणि गावाने किंवा कुटुंबाने काय करावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. थायलंडचे तत्कालीन राजे भूमिबोल यांनी मांडलेल्या पुरेशेपणाच्या अर्थविचाराला, म्हणजे गरजेपुरते आपले आपण मिळवावे या विचाराला, काहींनी सर्वरोगहर मानले आणि काहींनी भाबडा ठरवले, त्याचे मूळ याच गल्लतीत आहे.

सरकारी पातळीवरचे दोन मार्ग आधी पाहू. थायलंडने ऑगस्ट १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे १७ अब्ज डॉलरचे साहाय्य घेतले आणि त्याबरोबर चढे व्याजदर व खर्चात काटकसर या अटी स्वीकारल्या. व्यवहार थांबवलेल्या ५८ वित्तसंस्थांपैकी ५६ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायमच्या बंद झाल्या. मलेशियाने नाणेनिधीकडे न जाता १ सप्टेंबर १९९८ रोजी भांडवलावर निर्बंध घातले, दुसऱ्या दिवशी रिंगिट या आपल्या चलनाचा दर डॉलरला ३.८० असा बांधला आणि परदेशी गुंतवणूकदारांचा शेअर बाजारातील पैसा वर्षभर देशाबाहेर नेण्यास मनाई केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये या मनाईची जागा पैसा नेताना द्यायच्या कराने घेतली. मलेशियाचा मार्ग अधिक स्वाभिमानी दिसतो खरा, परंतु तो थायलंडला कितपत खुला होता? मलेशियावर अल्प मुदतीचे परकीय कर्ज तुलनेने कमी होते. थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने मात्र बाटचा दर सावरण्याच्या धडपडीत आपल्या परकीय चलनाच्या गंगाजळीचा फार मोठा भाग वायद्याच्या, म्हणजे पुढील तारखेला डॉलर देण्याच्या, सौद्यांत आधीच गुंतवून टाकला होता. ज्याची तिजोरी रिकामी झाली आहे त्याला दार लावून फारसे काही साधत नाही. निर्बंधांचा मार्ग निवडायचा तर तो गंगाजळी शाबूत असतानाच निवडावा लागतो, असे माझे मत आहे.

पुरेशेपणाचा विचार या दोहोंच्या रांगेत बसत नाही. ४ डिसेंबर १९९७ रोजी, आपल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणात राजांनी सांगितले की, आशियाचा नवा वाघ, म्हणजे झपाट्याने वाढणारी अर्थव्यवस्था, होणे महत्त्वाचे नाही, राहण्या-खाण्यापुरते आपले आपल्याला मिळवता येणे महत्त्वाचे आहे. हे स्वावलंबन संपूर्ण असण्याची गरज नाही, निम्मेही नको, एक चतुर्थांश असले तरी निभावेल, असेही ते त्याच भाषणात म्हणाले. माझ्या दृष्टीने सारा विचार या एक चतुर्थांशात आहे, आणि टीकाकार व भक्त दोघेही नेमका तोच विसरतात. बाजारातून बाहेर पडा असे हा विचार सांगत नाही. बाजार कोसळला तरी चूल पेटती राहील एवढा हिस्सा बाजाराबाहेर ठेवा, एवढेच त्याचे म्हणणे आहे. कासेत्सार्त विद्यापीठात १९७४ मध्येच राजांनी या दिशेने बोलायला सुरुवात केली होती. संकटानंतर त्याची रीतसर मांडणी झाली आणि मध्यममार्ग, विचारपूर्वक निर्णय व आघात सोसण्याची क्षमता ही तीन तत्त्वे, तसेच ज्ञान व सचोटी या दोन अटी ठरल्या. २००२ ते २००६ या काळातील नवव्या राष्ट्रीय योजनेचा तो आधार होता.

शेतीत याचे रूप ‘नवा सिद्धांत’ या नावाने ओळखले जाते. सुमारे १५ राय, म्हणजे जवळपास ६ एकर, जमिनीचे ३०, ३०, ३० आणि १० टक्के असे भाग करायचे. पहिल्या भागात तळे, दुसऱ्यात घरापुरता भात, तिसऱ्यात फळझाडे व इतर पिके, आणि उरलेल्यात घर, गोठा व वाट. तळ्याला एवढी जमीन देणे प्रथमदर्शनी उधळपट्टी वाटते, पण हिशेब पाण्याचा आहे. एका रायला वर्षाकाठी सुमारे १,००० घनमीटर पाणी लागते आणि पाऊस नसलेल्या दिवसांत तळ्यातून रोज साधारण सेंटीमीटरभर पाणी उडून जाते, म्हणून तळे चार मीटर तरी खोल हवे. त्यात मासेही पोसता येतात. हा झाला पहिला टप्पा. दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्यांनी गट किंवा सहकारी संस्था करायची आणि तिसऱ्यात बँका व कंपन्यांशी व्यवहार जोडायचा. पहिल्या टप्प्यावर थांबणाऱ्यांची संख्या मोठी, आणि विचाराची ख्यातीही तेवढ्यापुरतीच राहिली.

गावाच्या पातळीवर याला खरा पर्याय उभा राहिला तो २००१ मध्ये सत्तेवर आलेले पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्या धोरणाचा. प्रत्येक गावाला १० लाख बाटचा फिरता निधी, शेतकऱ्यांच्या कर्जफेडीला तीन वर्षांची स्थगिती आणि जपानच्या ओइता प्रांताच्या धर्तीवर ‘एक तांबोन (काही गावांचा गट), एक उत्पादन’ ही योजना त्यात होती. एकीकडे गरज आवरून धक्का सोसण्याची तयारी, तर दुसरीकडे हाती पैसा देऊन व्यवहार वाढवण्याची घाई, असा हा सामना होता. निधीतून एका कर्जदाराला सर्वसाधारणपणे २०,००० बाटपर्यंत रक्कम मिळे आणि ती वर्षाच्या आत फेडावी लागे. बियाणे, खत, दुकानातला माल यांना हे वेळापत्रक जुळते. तळे खणून, आंबा लावून, फळ हाती येण्याची वाट पाहणाऱ्याला ते मुळीच जुळत नाही. हा पैसा गावात आल्यावर घरखर्च लक्षणीय वाढला, असे अभ्यासकांना आढळले, आणि त्यात मला आश्चर्य वाटत नाही. तरीही भूमिहीन मजुराला किंवा शिवणयंत्र घेऊ इच्छिणाऱ्या बाईला फिरत्या निधीने जे दिले, ते तळ्याच्या आराखड्याने कधीच दिले नसते, कारण तो आराखडा जमीन आहे असे गृहीत धरूनच सुरू होतो.

पुरेशेपणाच्या विचारावरचा सर्वांत टोकदार आक्षेप वेगळाच आहे. कर्ज उधळले राजधानीतल्या वित्तसंस्थांनी आणि संयमाचा उपदेश मात्र शेतकऱ्याला, असे का? तत्त्वे कंपन्या आणि शासन यांनाही लागू होती, हे कागदोपत्री खरे आहे. आघात सोसण्याची क्षमता हा निकष ज्यांना सर्वप्रथम लावायला हवा होता, ते डॉलरचे कर्जदारच होते. प्रत्यक्षात प्रचाराचा रोख खेड्यांकडे राहिला. २००६ च्या लष्करी उठावानंतर हा विचार सरकारी घोषवाक्य झाला, आणि राजाच्या अवमानाबद्दल तुरुंगवासाची तरतूद असलेल्या देशात त्याची मोकळी चिकित्सा होणे अवघड होते. नाणेनिधीच्या अटींवर आणि थाकसिन यांच्या योजनांवर जेवढी कडवी टीका झाली, तेवढी याच्या वाट्याला आली नाही. म्हणून त्याची यशोगाथा वाचताना वाचकाने थोडे मागे सरकून वाचावे.

मग निवड कशी करावी? प्रश्न चलन सावरण्याचा असेल तर पुरेशेपणाचा मार्ग त्यासाठी नाही; तळ्यातल्या माशांनी परकीय देणे फिटत नाही. कुटुंबाकडे पाच-सहा एकर जमीन असेल, पाऊस बेभरवशाचा असेल आणि डोक्यावर भारी व्याजाचे कर्ज नसेल, तर नव्या सिद्धांताइतका धक्का सोसणारा दुसरा आराखडा मला दिसत नाही, मात्र तळे खणण्याचा पहिला खर्च बाहेरून यावा लागतो. कर्ज आधीच असेल तर क्रम उलटा हवा: प्रथम कर्जाची फेररचना, मग पिकांची. जमीन नसेल तर पहिला टप्पा सोडून थेट दुसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे बचत गट आणि सहकारी खरेदी-विक्रीपासून, सुरुवात करावी. त्याच्याही पुढे जाऊन गावापुरते स्वतःचे चलन काढण्याचा मोह होतो. यासोथोन प्रांतातील कुत चुम भागातल्या गावकऱ्यांनी २००० मध्ये आपापसांतल्या देवाणघेवाणीसाठी ‘बिया’ नावाच्या चिठ्ठ्या काढून तसा प्रयत्न केला होता. परंतु मध्यवर्ती बँकेने चलनविषयक कायद्याकडे बोट दाखवून हरकत घेतली आणि त्या चिठ्ठ्यांचा वापर थांबवावा लागला.