ट्यूब अ‍ॅम्पला ८ इंची स्पीकर की ३ इंची?
सिंगल-एंडेड ईएल८४ अ‍ॅम्प (प्रत्येक चॅनेलला ईएल८४ ही एकच पॉवर व्हॅक्यूम ट्यूब) म्हणजे चॅनेलला जेमतेम ५ वॅट. त्यामुळे आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर स्पीकर किती मोठा आवाज देतो, ते बघा. खोक्यावर छापलेले वॅट सोडून द्या. ८ इंची, कागदी कोनचा विसाटॉन बीजी २० साधारण ९२ डेसिबल देतो, ३ इंची बहुतेक ८६च्या आसपास. या ६ डेसिबलपायी तेवढ्याच आवाजाला चौपट पॉवर लागते, आणि ती आणायची कुठून? किमतीत छोटा सरस, प्लायही कमी लागतो. मोठ्याला ऐसपैस पेटी हवी. शिवाय जरा बाजूला सरकलात की झांजा मंद होतात. अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत मागे देऊन चूक सुधारणे) नसेल तर बास थोडा घुमतोही.

टेबलावर, हातभर अंतरावरून ऐकणार असाल तर छोटा पुरे. खोलीभर तबला हवा असेल तर ८ इंचीच घ्या.