सागवानी डबीला कोणतं तेल लावावं?

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागाच्या फळीतून ताईच्या कानातल्यांसाठी सरकत्या झाकणाची डबी केली. उरलेल्या तुकड्यांवर वेगवेगळी तेलं लावून पाहिली आणि मगच डबीला हात लावला. तुम्हीही तसंच करा. बाटलीतल्या तेलाकडे बघून लाकडावरच्या रंगाचा अंदाज येत नाही.

खोबरेल आणि शेंगदाणा आधीच बाजूला ठेवा. ही तेलं लाकडात वाळत नाहीत, पुढे खवट वास मात्र येतो. जवस आणि टंग हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतात. म्हणून खरी निवड या दोघांतलीच.

औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिनही मी लावून पाहिलं. ते कधीच वाळत नाही, पण खवटही होत नाही. पोळपाटाला, लाकडी उलथन्याला छान. डबीत मात्र मखमलीचं अस्तर घालायचं होतं, आणि त्या तुकड्याखालच्या कागदावर आठवड्यानंतरही डाग उमटत होता. बाद.

जवसाचं तेल दोन तऱ्हेचं. घाण्यावरचं कच्चं तेल लाकडाला चालतं, पण एकेक हात वाळायला आठवडे लागतात. जुलैत लावलेला माझा तुकडा श्रावण संपेपर्यंत बोटाला चिकटत होता. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरण्याचीही भीती. दुसरं, रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड. नाव उकळलेल्याचं असलं, तरी ते लवकर वाळतं ते मुख्यतः त्यात घातलेल्या कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंच्या क्षारांमुळे. हवा कोरडी असेल तर एक-दोन दिवसांत हात वाळतो. याच क्षारांमुळे ते खाण्यापिण्याच्या भांड्यांना लावू नये. सागावर मधासारखा रंग चढतो आणि वर्षागणिक गडद होतो. मला तो फार आवडतो. फिकट लाकूड फिकटच ठेवायचं असेल, तर तुम्हाला नाही आवडणार.

टंग तेल मूळ चीनमधल्या एका झाडाच्या बियांचं. पाण्याला ते जवसापेक्षा चांगलं तोंड देतं, पिवळंही कमी पडतं. पण महाग, आणि वाळायला डबल बॉइल्डपेक्षा सावकाश. घेताना लेबल नीट वाचा: ‘टंग ऑइल फिनिश’ नावाच्या डब्यात पुष्कळदा पातळ केलेलं वार्निश असतं. शुद्ध तेल असेल, तर पहिल्या हाताला टर्पेंटाइन मिसळून पातळ करा.

माझं मत स्पष्ट आहे. कपाटात किंवा आरशापुढे राहणाऱ्या डबीला डबल बॉइल्ड जवस पुरे. न्हाणीघरात ठेवायची, ओल्या हाताने उघडायची डबी असेल, तरच टंगचा खर्च करा.

साग मुळातच तेलकट असतो, त्यामुळे वरून लावलेलं तेल त्यावर उशिरा वाळतं. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, थिनरच्या फडक्याने पुसून, लगेच तेल लावा. पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा. चिकटपणा येतो तो बहुधा या राहिलेल्या तेलामुळेच. असे तीन पातळ हात मी दिले. झाकणाच्या खाचेत तेल घालू नका, मेणबत्ती चोळा. आतूनही तेल नको, बंद डबीत त्याचा वास महिनोन्‌महिने कोंडतो. आत स्पिरिटमधल्या चपडा लाखेचे दोन हात द्या. ती तासाभरात वाळते आणि वास उरत नाही.

आणि जवस घ्या की टंग, पुसायच्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं, आणि बोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.