स्पॅनिश सबजंक्टिव्हसाठी रेआल अकादेमियाची फुकट डिक्शनरी, जरूर वापरा

स्पॅनिश शिकणाऱ्या सगळ्यांना सांगतेय, माद्रिदच्या रेआल अकादेमिया एस्पान्योलाची (स्पॅनिश भाषेची अकादमी) ऑनलाइन डिक्शनरी वापरा, पूर्ण फुकट आहे आणि क्रियापद टाकलं की अर्थाबरोबर त्याची सगळी रूपं पण मिळतात. मी तर मुख्यतः प्रेझेंट सबजंक्टिव्हसाठीच उघडते, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगताना लागणारी क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपं. आब्लार (बोलणे) टाका, रूपं बघा: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. मग कोमेर (खाणे) टाका, कोमा, कोमास, कोमा... म्हणजे शेवटी आर असलेल्या क्रियापदांना ए लागतो आणि एर, ईर वाल्यांना आ, बरोब्बर उलटापालट, ही दोन टेबलं शेजारी शेजारी ठेवली की डोक्यात फिट्ट बसतं. स्पेलिंगची भानगड पण तिथेच दिसते, बुस्कारचं (शोधणे) बुस्के होताना सी जाऊन क्यू-यू येतात कारण क चा उच्चार टिकवायचा असतो. फक्त सगळं स्पॅनिशमध्येच आहे, अगदी नवख्यांना जड जाईल, आणि किएरो के (मला हवंय की) नंतर आब्लेस पण से के (मला माहीत आहे की) नंतर साधं आब्लास, हे असं का ते टेबल सांगत नाही, त्याला चांगलं व्याकरणाचं पुस्तक नाहीतर टीचर हवाच. ए-टू, बी-वन (म्हणजे प्राथमिक ते मध्यम) लेव्हलवाल्यांनी मोबाइलवर बुकमार्कच करून ठेवा.