वॉल क्रीपरची रोपं: वेल वाळलेल्या भिंतीसाठी लहान पिशवी की मोठी?

नर्सरीत 'वॉल क्रीपर' मागितली की बारीक बदामी पानांची जी वेल हातात पडते, ती फायकस प्युमिला. बंगल्याचं कंपाउंड असो की सोसायटीच्या गेटचे खांब, सगळीकडे हीच. साधारणपणे ती तीन रूपांत विकली जाते: चार इंची पिशवी, आठ इंची पिशवी आणि बांबूला बांधलेली चार-पाच फुटांची 'रेडी' वेल. भिंतीवरची जुनी वेल वाळून तपकिरी पडली की लोक घाईने ती रेडी वेल उचलतात. तिन्हींत तीच वाईट खरेदी.

कारण असं, की ही वेल भिंत धरते ती कोवळ्या धुमाऱ्यांच्या बारीक मुळ्यांनी. भिंतीपासून लांब वाढलेली किंवा एकदा सुटलेली फांदी पुन्हा चिकटत नाही. बांबूवरची पाच फुटी वेल भिंतीला नुसती टेकून उभी राहते आणि शेवटी फूटभर ठेवून छाटावीच लागते. म्हणजे चार फुटांचे पैसे कचऱ्यात.

आठ इंची पिशवी घ्यायला हरकत नाही, पण पान बघून घ्या. दोन-तीन सेंटिमीटरचं पातळ पान असेल तर वेल चढणारी. पान बोटभर लांब, जाड, चामड्यासारखं आणि फांद्या बाहेर उभ्या असतील तर ती कलमं जून, फळं धरणाऱ्या फांद्यांची आहेत. अशी रोपं झुडपासारखी वाढतात, भिंत धरत नाहीत. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर तेही रोप परत ठेवा. सगळ्यात उत्तम चार इंची पिशवी: तीन-चार लोंबते कोवळे शेंडे आणि मातीचा गोळा न फुटणारा.

खरेदीआधी मात्र जुनी वेल खरंच मेली आहे का, हे तपासा. शेंड्यापासून खाली येत दर फूटभरावर साल नखाने खरवडा. आत हिरवी ओल आणि पांढरा चीक दिसला तर तिथून खाली ती जिवंत आहे. बुंध्याशी हिरवं असेल तर जमिनीपासून सहा ते नऊ इंच ठेवून सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) छाटा. चिकाने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला. मग आळं करून खोल पाणी द्या आणि चार ते सहा आठवडे वाट बघा. या काळात युरिया अजिबात नको. पाण्याविना राहिलेल्या मुळांना तो जाळतो. बुंधासुद्धा कोरडा, तपकिरी आणि कडकन मोडणारा निघाला तर मग नवं रोप आणा.

वाळण्याची तऱ्हा कारण सांगते. भिंतीवर एकच उभा पट्टा वाळलाय? बहुधा त्या पट्ट्याचं खोड खाली गवत कापताना तुटलंय. सगळीच भिंत एकदम वाळली, तर पाणी तुटलं किंवा पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत बसवले. पावसाळ्यात पानं काळी आणि बुंधा मऊ असेल तर मुळं कुजली आहेत. कारण न काढता त्याच खड्ड्यात नवी वेल लावली, तर तीही जाणार.

जुन्या फांद्या ओरबाडू नका, गिलावा सोबत येतो. बुंध्यातून कापून वाळू द्या आणि नंतर नायलॉनच्या ब्रशने घासा. तशाच ठेवल्या तर नवी वेल त्यांच्यावर चढते आणि पावसाच्या वजनाने अख्खी चादर खाली येते.

लागवड जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत, पाऊस नीट लागल्यावर. भिंतीपासून आठ-दहा इंच सोडून एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. बांधकामाचा राडारोडा पूर्ण काढा. बहुतेक कंपाउंडखाली तोच भरलेला असतो. दोन भाग पोयटा माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर पुरे. लांब शेंडे वर बांधण्यापेक्षा भिंतीच्या पायथ्याशी आडवे टेकवा. डोळ्याडोळ्यातून निघणारे धुमारे स्वतःच भिंत धरतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या चिकट प्लांट क्लिप या कामासाठी घेऊ नका. चुन्याच्या किंवा धुळकट भिंतीवर त्या टिकत नाहीत, आणि पश्चिमेच्या उन्हात गोंद सुटतो. त्यापेक्षा पहिले काही आठवडे सकाळी भिंतीवर पाण्याचा फवारा मारलेला बरा. गुळगुळीत ऑइल पेंटवर मात्र काहीही केलं तरी वेल नीट चढत नाही. अशा भिंतीला गच्चीवरून पडदा वेल सोडावी, किंवा जाळी ठोकून मधुमालती.

पहिल्या वर्षी वाढ रेंगाळते, त्यासाठी नर्सरीवाल्याला दोष देऊ नका. भिंत भरल्यावर वर्षातून दोन-तीन छाटण्या लागतात. बाहेर उभी राहणारी प्रत्येक जाड फांदी तेव्हाच जिथून फुटली तिथून कापा, आणि खिडकीच्या चौकटी व एसीचे पाइप यांच्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा.