नेट शाबूत, शिवण गेली: घरच्या बोलिंग लेनचा उन्हाळा-पावसाळ्यानंतरचा अनुभव

लेकीला क्रिकेटच्या गोलंदाजीचा सराव करता यावा म्हणून घराच्या बाजूला बोलिंग लेन केली आणि चेंडू अडवायला नेट लावलं. आधी एक स्पष्ट करते, ते नेट फाटलेलं नाही. विक्रेत्यालाही फोनवर मी हेच घोकून घोकून सांगत होते. नेटचा एक चौकोन तुटलेला नाही. गेली ती कडेची शिवण, म्हणजे नेट ज्या दोऱ्याने बॉर्डरच्या दोरीला शिवलेलं असतं तो दोरा. जाहिरातीत 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड', म्हणजे उन्हात टिकणारं, असं ठळक छापलंय. नेटच्या बाबतीत ते खरंही आहे, पण शिवायला वापरलाय उशीच्या अभ्र्याला वापरतात तसला साधा दोरा. सांगलीच्या उन्हात मे संपेपर्यंत त्याचा भुगा झाला. बोटांत धरून चोळला की पांढरी पूड पडायची. जूनच्या पहिल्या वाऱ्यात एक बाजू वरपासून खालपर्यंत उसवली आणि चेंडू थेट शेजारच्या पत्र्यावर.

तिकडून उत्तर काय, तर "वॉरंटी नेटिंग मटेरियलवर आहे मॅडम, शिलाईवर नाही." मग शिलाईशिवायचं नेट मी काय अंगावर पांघरू? साडेसात हजारांच्या वस्तूत शंभर रुपयांचा बरा दोरा घालायला यांचा हात आखडतो, आणि वर मला म्हणतात पावसाळ्यात काढून ठेवायचं होतं. पाऊस यायच्या आधीच कुजला की तो!

शेवटी कृष्णाकाठी मासेमारीची जाळी दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती मशीनची शिलाई पाहिली आणि हसलेच. म्हणाले, "ताई, ह्याचा एक टाका सुटला की सगळं सुटतंय. प्रत्येक चौकोनाला वेगळी गाठ पाहिजे." नायलॉनच्या दोरीने गाठीगाठीने सगळी बॉर्डर त्यांनी नव्याने बांधून दिली. आता एक गाठ तुटली तरी बाकीच्या जागच्या हलत नाहीत. नवं नेट घेणाऱ्यांनी आधी शिवण बघा. जाडी, चौकोनाचा आकार वगैरे सगळं नंतर.

बाकी थोडक्यात. लेक चौदाची, मध्यमगती टाकते. स्मृती मानधना सांगलीत वाढली, त्यामुळे इथे बॅट धरणाऱ्या मुलींना तोटा नाही. आमच्या बाईसाहेबांना बोलिंगच करायची असते. घराच्या बाजूला आठ फूट रुंदीची पट्टी आहे. गोलंदाजाच्या क्रीजपासून मागच्या नेटपर्यंत जेमतेम 11 मीटर मिळतात. रनअपला चार-पाच पावलं, त्याहून जास्त हवी तर गेट उघडून रस्त्यावरून पळत यायचं, जे तिने दोनच दिवसांत सुरू केलं आणि मी तिसऱ्या दिवशी बंद केलं.

नेट भिंतीपासून हातभर पुढे आणि सैल सोडा, तळाला फूटभर जमिनीवर लोळू द्या. ताणून बांधलं की चेंडू उलटा फेकला जातो. बुमराहची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल, आईची झोप मोडू नये म्हणून भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यावर तो चेंडू टाकायचा. ती गोष्ट सांगताना लोक त्याच्या यॉर्करचं, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी टप्पा पडणाऱ्या चेंडूचं, कौतुक करतात. दुपारी दोन वाजता लेदरचा चेंडू भिंतीवर आपटताना ऐकलात की कौतुक त्या आईचं वाटेल. चेंडूवरून आठवलं, मुलीसाठी घेताना दुकानात सांगून घ्या. महिलांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅम असतो. न सांगता हातात पडतो तो पुरुषांचा, 156 ते 163 ग्रॅमचा.

आता या सगळ्या खटाटोपातली सर्वांत चांगली वस्तू. ती क्रिकेटच्या दुकानात मिळतच नाही. गोठ्यात म्हशीखाली घालतात ती रबराची मॅट.

घडलं असं की आम्ही आधी सगळीकडे काँक्रीट टाकणार होतो. लेकीच्या क्रिकेट अकादमीतले सर म्हणाले, बाकी काय करायचं ते करा, पण पुढचा पाय पडतो तिथे काँक्रीट नको. चेंडू सोडताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि वाढत्या वयात वेगवान टाकणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतात ते काही उगाच नाही. म्हणून गोलंदाजाच्या बाजूला मुरूम धुमसून घेतला आणि त्यावर ही मॅट. बोटभर जाड, खरखरीत बाजू वर. एवढ्या वापरानंतर तिला खड्डा नाही, कड उचललेली नाही. सुरुवातीला लेक काँक्रीटच्या अंगणात टाकायची तेव्हा संध्याकाळी नडगी चोळत बसायची, ते थांबलं. मॅटवर ऑइल पेंटने पॉपिंग क्रीज, म्हणजे पुढचा पाय जिच्या पूर्ण पुढे गेला की नो बॉल होतो ती रेघ, मारलीय. ती रेघ मात्र पाय घासून पुसते, अधूनमधून परत ओढावी लागते. नो बॉलची सवय तिथल्या तिथे दिसते, हा फायदा मी धरलाच नव्हता. मॅट ओली झाली की मात्र घसरते, पुसल्याशिवाय टाकू देऊ नका.

लेनमध्ये चेंडूचा टप्पा पडायला अंथरलेल्या टर्फबद्दल, म्हणजे नकली गवताच्या गालिच्याबद्दल, मी इथे चांगलं लिहिणार होते. तसा खर्डाही तयार होता: रंग टिकला, चेंडू बरा उसळतो, झाडून काढलं की झालं. मग सामने सुरू झाले आणि मत बदललं.

खोक्यातल्या माहितीपत्रकात चित्र होतं: लेनच्या टोकाला स्टंप, त्याच्या पुढे टर्फवर 'गुड लेंथ'चा, म्हणजे चांगला टप्पा जिथे पडायला हवा तिथला, पट्टा. आम्ही तसंच आखलं. लेक त्या पट्ट्यावर चेंडूमागून चेंडू टाकायला लागली, घरात सगळे खूष. मैदानावर मात्र तिचा प्रत्येक चेंडू आखूड पडायचा आणि समोरच्या पोरी पुल मारायच्या. कारण साधं आहे. खरी खेळपट्टी 20.12 मीटरची. मध्यमगतीची गुड लेंथ फलंदाजाच्या स्टंपपासून साधारण सहा-सात मीटरवर, म्हणजे गोलंदाजाच्या पॉपिंग क्रीजपासून बारा-तेरा मीटरवर येते. आमची लेनच 11 मीटरची! तिथे गुड लेंथचा चेंडू टप्पा पडायच्या आधीच नेटमध्ये जायला हवा. टप्पा टर्फवर पाडायचा तर चेंडू उशिरा सोडून खाली दाबावा लागतो. तीच सवय तिच्या हातात बसली होती.

यावर सरांनी जी युक्ती केली ती कुठल्या माहितीपत्रकात नाही. मैदानावर पूर्ण खेळपट्टीवर तिला टाकायला लावलं, क्रीजपासून 11 मीटरवर दोन बाजूंना दोन बांबू रोवले आणि मधे सुतळी. चांगल्या टप्प्याचे चेंडू जिथून जातात तिथे सुतळी आणून ठेवली. ती आली गुडघ्याच्या जरा खाली. त्याच उंचीवर घरी नेटला लाल दोरी बांधली. आता स्टंप नाही, पट्टा नाही. दोरीच्या आसपास टाकायचं, आणि ऑफ स्टंपची रेषा म्हणून एक उभी चिंधी. आखूड चेंडू दोरीखाली जातो, फुलटॉस (टप्पा न पडता फलंदाजापर्यंत जाणारा) वर. वेग वाढला की ही उंची पुन्हा मोजावी लागेल म्हणतात.

तर लेन वाया गेली असं मी ऑगस्टमध्ये घरी बोलत होते, ते मागे घेते. दिशा, पायाची जागा, ॲक्शन यासाठी ती चोख आहे. मागून आणि बाजूने मोबाइलवर स्लो मोशन काढायचं, पाय आडवे आणि खांदे समोर असं कमरेत पीळ पाडणारं काही दिसतंय का ते बघायचं आणि व्हिडिओ सरांना पाठवायचा. मात्र चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होऊ नये या नियमात हात बसतो की नाही हे मोबाइलवरून ठरवायला जाऊ नका. आमच्या एका नातेवाइकांनी तो उद्योग केला आणि पोराला उगाच घाबरवून ठेवलं.

पण मग चेंडू जमिनीवर पडायचाच नसेल, तर ते टर्फ कशाला? नेटहून महाग पडलं होतं. एक तुकडा कापून म्हशीच्या मॅटवर टाकून बघितला, पाय सरकायला लागला, काढला. उरलेलं सगळं शेजारच्या काकूंनी गॅलरीसाठी नेलं. पैसे निम्मेच दिले, म्हणाल्या, पत्र्याला पडलेल्या पोचांचे कापून घेतले.