बिग बेंडमध्ये मोटरहोम कुठे लावाल: रिओ ग्रांदे व्हिलेज की कॉटनवुड?

टेक्ससच्या टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर पसरलेलं हे वाळवंटी राष्ट्रीय उद्यान १९४४ सालचं. मुक्कामाचे दोन्ही तळ रिओ ग्रांदे नदीकाठीच, पण रिओ ग्रांदे व्हिलेज पूर्वेला, कॉटनवुड पश्चिमेला.

सोय बघायची तर रिओ ग्रांदे व्हिलेजच. इथल्या आरव्ही (म्हणजे मोटरहोमसारख्या, आत राहता येणाऱ्या गाड्यांच्या) तळावर वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. शेजारीच दुकान आणि पेट्रोल पंप. बोकियास घळई आणि गरम पाण्याचं कुंड (साधारण ४० अंश) जवळच आहे. मात्र कुंडाकडे जाणारा रस्ता अरुंद आहे, तिथे मोटरहोम नेता येत नाही. सोबत छोटी गाडी नसेल तर नदीकाठच्या पायवाटेने चालत जा.

कॉटनवुडला जोडणी काहीच नाही. जनरेटरलाही बंदी, आणि मला विचाराल तर हेच त्याचं सुख. बाजूच्या गाडीची रात्रभर घरघर नाही, उंच कॉटनवुड झाडांची सावली आहे. आकाशाचं तर विचारूच नका. २०१२ पासून या उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचं आकाश जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा आहे. सांता एलेना घळईच्या सुमारे ४५० मीटर उंच भिंती इथून थोड्याच अंतरावर. फक्त टाक्या आधी भरून आणि बॅटरी चार्ज करून या.

मुलंबाळं, आजी-आजोबा सोबत असतील तर पूर्वेला राहा. दोघंच असाल तर कॉटनवुड. उन्हाळ्यात मात्र दोन्हीकडे पारा चाळिशी गाठतो, तेव्हा एसीसाठी वीज हवीच.