रबर हातमोज्यांच्या कारखान्याचे सांडपाणी: यूव्ही-टायटॅनियम संच काही महिने चालवल्यावर

३६५ नॅनोमीटरचे यूव्ही-ए दिवे, पी-२५ जातीची टायटॅनियम डायऑक्साइडची पूड आणि खालून बुडबुड्यांनी हवा, असा हा संच. ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) अगदी शेवटी बसवला तरच तो कामाचा. एअरेशन टाकीतून (जिथे हवा देऊन जीवाणूंकडून घाण पचवून घेतात) निसटणारे एमबीटीसारखे (मरकॅप्टोबेंझोथायझोल) ॲक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर पक्के करणारी रसायने, जीवाणूंना सहज पचत नाहीत, ते इथे तुटतात. एवढ्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

कच्च्या पाण्यावर लावू नका. चिकाच्या कणांनी पाणी दुधाळ असते, प्रकाश आत शिरतच नाही. आधी आम्ल किंवा तुरटीने चीक फोडून रबर ट्रॅपमध्ये काढायचा, चुन्याने पीएच ९ ते ९.५ ला नेऊन जस्त खाली बसवायचे, मग एअरेशन, निवळण आणि वाळूची गाळणी. हजारांतला सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटर) उतरवणे हे जीवाणूंचे काम. दिव्यांकडून ते करून घेतले तर विजेचे बिल परवडणार नाही. अमोनियासाठीही हा संच नाही.

पूड लिटरला अर्धा ग्रॅम. जास्त टाकली की दिव्याजवळचीच पूड सगळा प्रकाश अडवते आणि मागचे पाणी अंधारात राहते. एअरेशननंतर पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि ते हायड्रॉक्सिल रॅडिकल (प्रकाश पडल्यावर पुडीवर तयार होणारे, रसायने तोडणारे कण) खाऊन टाकते. म्हणून पीएच ५ पर्यंत उतरवून हवेने कार्बन डायऑक्साइड उडवून द्यायचा आणि नंतरच दिवे लावायचे. हा टप्पा टाळला तर वेग लगेच मंदावतो.

खरी डोकेदुखी पूड परत मिळवण्याची. काम झाल्यावर पीएच ६.५ च्या आसपास आणला की कणांवरचा विद्युतभार जवळजवळ नाहीसा होतो, ते गोळा होऊन बसू लागतात. तरी नुसत्या निवळणीवर विसंबू नका, पुढे ०.१ मायक्रॉनची सिरॅमिक गाळणी हवीच. दर फेरीला ५ टक्के पूड गेली तरी हजार लिटरमागे २५ ग्रॅम गटारात जाते. काचेच्या गोट्यांवर लेप दिलेला प्रकार या कटकटीतून सोडवतो, पण पाण्याचा पुडीशी संपर्क कमी होत असल्याने कामही हळू होते.

हायड्रोजन पेरॉक्साइडची जोड दिली तर वेग वाढतो. मात्र उरलेले पेरॉक्साइड डायक्रोमेट चाचणीत (सीओडी मोजायच्या नेहमीच्या चाचणीत) सीओडी म्हणून मोजले जाते: लिटरला १०० मिलिग्रॅम उरले तर आकडा सुमारे ४७ ने फुगतो. सीओडीच्या २५० च्या मर्यादेजवळ असाल तर नमुना देण्याआधी पट्टीने पेरॉक्साइड तपासा.

दिव्यांच्या नळ्यांवर चुन्याचा आणि लोखंडाचा थर चढतो. सायट्रिक आम्लाने धुवा, तारेच्या ब्रशने घासू नका. कोरडी पूड ओतताना मास्क घालाच, कण अतिशय बारीक आहेत. निकामी झालेली पूड जस्ताच्या गाळासोबत घातक कचऱ्यात जाते, साध्या कचऱ्यात नाही.